रेषेखालची माणसं

"दिसतंय काय गो मी?" बाबांनी फोनवर विचारलं.

समिधा मयेकर कचेरीतल्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावर सावरखारची खालची वाडी लख्ख दिसत होती. पाच घरं, त्यांची उंच जोती, अंगणात घोटाभर चढलेलं भरतीचं पाणी, कुबलांच्या दारात बांधलेली होडी. बाबांच्या घराची पायरीसुद्धा दिसत होती. पायरीवर बाबा मात्र नव्हते.

"नाय हो. तुमी दिसणा नाय. नक्की भायर आसात मां?"

"पायरेर उभो आसंय. हात हालयतंय. आता छत्री उघडतंय, बघ."

समिधाने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. कचेरी टेकाडावर होती, वाडी दोनशे पावलं खाली. तिथून बाबा चांगले दिसत होते. सत्तरीचे, हडकुळे, भर दुपारी काळी छत्री गरागरा फिरवणारे निवृत्त पोस्टमास्तर. तिने पुन्हा पडद्याकडे बघितलं. पायरी रिकामी. पाणी हलत होतं, होडी डुलत होती, आणि पायरी रिकामी.

तिने बाबांना तसं सांगितलं आणि पडदा बंद करून पुन्हा लावला. बाबांना मात्र गंमत वाटली.

"म्हणजे मी देव झालंय गो," ते म्हणाले. "आसंय, पण दिसणंय नाय."

ही करामत रेषापालाची होती. समुद्र चढू लागला तेव्हा सरकारदरबारी पहिला प्रश्न पाण्याचा आला नाही, हद्दीचा आला. आपल्या राज्यघटनेने कामं वाटून दिलेली आहेत. त्यांच्या तीन याद्या आहेत. जमीन, पोलीस, दवाखाने ही राज्याची कामं. टपाल, टेलिफोन, रेल्वे, संरक्षण ही केंद्राची. काही कामं दोघांची मिळून, आणि जे कुठल्याच यादीत नाही ते केंद्राचं. आता समुद्राखालची जमीन केंद्राची आणि कोरडी जमीन राज्याच्या अखत्यारीतली, हे ठरलेलंच होतं. पण जी जमीन सकाळी कोरडी असते आणि दुपारी समुद्राखाली जाते ती कोणाची? पूर्वी हा प्रश्न कोणी विचारत नसे. भरतीची रेषा नकाशावर एकदा काढली की वीस-वीस वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. मग रेषापाल नावाचं यंत्र आलं. किनाऱ्याच्या चिखलात केसाएवढ्या तारा पुरल्या गेल्या. त्या मिनिटामिनिटाला मातीतलं मीठ आणि वर चढलेलं पाणी मोजत. काठावर कॅमेरे बसले, खांब बसले. खांब पाण्याच्या हद्दीत गेला की त्यावरचा निळा दिवा लागे. दोन्ही सरकारांनी करार केला की रेषापाल सांगेल ती रेषा. रेषेच्या वर राज्य, रेषेच्या खाली केंद्र. तेव्हापासून सावरखारची खालची वाडी दिवसातून दोनदा एका सरकारच्या हातून दुसऱ्या सरकारच्या हातात जाऊ लागली, आणि ओहोटीला परत येऊ लागली.

माणसं गायब होण्याचं कारणही तसं साधंच होतं. समुद्रावर सारखं काहीतरी हलत असतं. फेस, बगळे, ढगांच्या सावल्या, वाहून आलेली झुडपं. प्रत्येक हालचालीला यंत्र माणूस समजू लागलं तर धोक्याचे भोंगे वाजतच राहतील. म्हणून यंत्र आधी नोंद बघायचं. इथे माणसं राहतात असं नोंदीत असेल तर हलणाऱ्या आकारात ते माणूस शोधायचं. नोंदीत कोणी नसेल तर ती हालचाल गाळ समजून चित्रातून पुसून टाकायचं. तरंगणारी मोठी वस्तू तेवढी दाखवायचं, होड्यांना धोका म्हणून.

आणि ही नोंद द्यायची होती गावच्या महसूल अधिकाऱ्याने. म्हणजे समिधाने.

दीड वर्षापूर्वी तो तक्ता आला होता. चौदावा रकाना होता, 'भरतीच्या वेळी रेषेखाली वास्तव्य करणाऱ्या व्यक्ती'. वाडीत अकरा माणसं होती. अकरा लिहिलं असतं तर करारातलं पुढचं कलम लागलं असतं. तीन महिन्यांत अकराही जणांना चाळीस किलोमीटरवरच्या वसाहतीत हलवायचं आणि घरं समुद्रात जमा. त्यांत बाबांचं घरही आलं. सरकारी नोकरीत जन्म घालवलेल्या माणसाला अशा वेळी एकच शब्द सुचतो, तोच समिधाला सुचला. तिने लिहिलं, 'निरंक', म्हणजे शून्य. निरंक लिहिलं की वरून शेरा येत नाही, खुलासा मागत नाहीत, कोणाच्या डोक्याला ताप नाही. तहसीलदार इनामदारांनी तर कौतुकच केलं. "मॅडम, तालुक्यात सगळ्यात आधी तुमचा तक्ता आला," ते म्हणाले. खोटं लिहिलं असं तिला वाटलंसुद्धा नाही. आपण बाबांचं घर वाचवलं, असंच वाटलं.

छत्रीच्या प्रयोगानंतर तिने इनामदारांना फोन केला.

"साहेब, खालच्या वाडीतली माणसं भरतीच्या वेळी पडद्यावर दिसत नाहीत."

"तुमच्या नोंदीत माणसं किती आहेत?"

"निरंक."

"मग बरोबर चाललंय की!" इनामदार म्हणाले आणि त्यांनी दुसरा फोन घेतला.

मयेकरांच्या घरात दोन सरकारं नांदत होती, ही गावातली जुनी थट्टा होती. बाबा केंद्राचे, लेक राज्याची. त्यांच्या सुट्ट्या कधी जुळत नसत. जेवताना बाबा तिला चिडवायचे, "तुमचा सरकार ह्या डोंगराकडसून त्या खाडीपर्यंत. आमचो शिक्को काश्मिरात चलता." समिधा म्हणायची, "पण तुमचा पोस्ट ज्या जमिनीर उभा आसा, ती कोणाची?" आई गेल्यावर हे भांडण त्यांनी आणखी जपलं होतं. समिधा वर टेकाडावर सरकारी खोलीत राहायची. बाबांनी तिथे यायला साफ नकार दिला होता. अख्खा जन्म दुसऱ्यांचे पत्ते शोधण्यात गेलेला माणूस स्वतःचा पत्ता बदलायला राजी नव्हता.

म्हणून ती रोज दुपारी दीडला त्यांना फोन करायची. आश्विनातल्या अमावास्येच्या उधाणात तिने असाच फोन लावला. पलीकडून उचलला गेला, पण बाबा बोलेनात. पाणी जोत्यावर चुबुक चुबुक आपटत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. आवाज अगदी स्पष्ट, कानाशी पाणी आल्यासारखा. ती हॅलो हॅलो करत राहिली. संध्याकाळी ओहोटीला बाबांचाच फोन आला.

"दुपारी पाच मिंटा बोललंय तुझ्याशी. तू आपला हॅलो हॅलो करीत रवलंस."

समिधाने दुरुस्तीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, टेलिफोन केंद्राचा विषय, आणि केंद्राच्या जाळ्याने आता रेषापालाची नोंद उचलली आहे. ज्या जागी माणूस नाही अशा समुद्रातून फोन आला तर तो वाहून गेलेला फोन समजतात. त्यातून येणारा आवाज म्हणजे गोंगाट. जाळं गोंगाट गाळून टाकतं आणि समुद्राचा आवाज तेवढा जाऊ देतं, कारण तिथे समुद्र आहे अशी नोंद आहे.

त्या रात्री तिला अन्न गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून तिने तक्ता उघडला, चौदाव्या रकान्यात अकरा लिहिलं, आणि खाली वाडीत गेली. बाबांच्या शेजारच्या सुगंधाकाकू कुबल माशांच्या टोपल्या धूत होत्या. समिधाने सगळं सांगितलं. काकूंनी टोपली खाली ठेवली.

"आमची नावा घालू नको गो बाय. आमका कोणी बघूक नको नि आयकूक नको. घरात रवाक दी म्हणजे झाला."

बाबांनीही तेच म्हटलं. "कागदार नाय तर नाय. भरती उतारली की बोलू. पोस्टात तार एक दिवस उशिरा इली तरी लोक कळ काढीत."

समिधा कचेरीत परतली आणि तिने अकरा पुसून पुन्हा निरंक केलं. उधाण सरलं की बघू, असं तिने मनाशी म्हटलं. खरं तर तिला हायसं वाटलं होतं, आणि पुढे आयुष्यभर तिला त्या हायसं वाटण्याचाच राग येत राहिला.

कार्तिकातल्या पौर्णिमेला पाणी गुडघाभर चढलं. दोन वाजून दहा मिनिटांनी समिधाचा फोन वाजला. नाव बाबांचं. भरतीच्या वेळी फोन करायचा नाही असं दोघांचं ठरलेलं होतं, म्हणून तिने घाईने उचलला.

"बाबा?"

पाणी चुबुक चुबुक करत होतं.

"बाबा, माका नुसता पाणी आयकाक येता. काय झाला? बोला, बाबा. बोला!"

पाणी आपटलं, मागे गेलं, पुन्हा आपटलं. फोन चालू होता. बाबा चुकून कळ दाबणारे नव्हते. पलीकडे ते काहीतरी सांगत होते आणि इथे तिच्या कानात समुद्र येत होता. तिने खिडकीतून बघितलं. बाबांच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि पाणी उंबऱ्याच्या आत गेलं होतं. पायात चप्पल न घालता ती धावत सुटली आणि धावता धावताच तिने रुग्णवाहिकेचा क्रमांक फिरवला.

फोनवरची मुलगी गोड बोलत होती. "मॅडम, तुम्ही सांगताय ते ठिकाण आत्ता समुद्रात येतंय. गाडी समुद्रात पाठवता येत नाही. मी तुम्हाला सागरी मदत केंद्राला जोडून देते."

सागरी मदत केंद्रावरचा माणूस हिंदीत बोलला, पण तोही अदबीने. तिथे पाण्याची खोली साठ सेंटिमीटर आहे, इतक्या उथळ पाण्यात बोट घालता येत नाही. शिवाय त्या जागी कोणी माणूस नाही अशी राज्य सरकारची नोंद आहे. आपण एकदा राज्य सरकारला विचारून घ्या.

"मीच राज्य सरकार आहे!" समिधा ओरडली.

पलीकडच्या माणसाने तेही टिपून घेतलं. मग त्याने तिला शुभ दिवस चिंतला. पाण्यात पाय पडला तेव्हा तिला कळलं की आता तिचाही आवाज कुठे पोचणार नाही. तिने फोन कमरेला खोचला आणि गुडघाभर पाण्यातून ती पुढे गेली.

बाबा खाटेवर बसले होते. एक हात छातीवर दाबलेला, दुसऱ्या हातात फोन. चेहरा घामाने चिंब. सुगंधाकाकू त्यांना पाठीमागून धरून होत्या आणि त्यांचा नवरा लीलाधर दारात उभा होता.

"तू बोला, बोला म्हणत रवलंस," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. "मी बोलतच होतंय गो."

"बाबा, माका आयकाक नाय इला. आता गप रवा. वर जावया."

लीलाधरने मागचं दार बिजागरीतून उचकटलं. त्यावर बाबांना निजवलं आणि तिघं ते दार ढकलत, उचलत वाडीबाहेर निघाली. चढावर पहिला खांब निळा होता. त्याच्या पुढचा विझलेला होता. तिथवर पोचलं की राज्य, तिथवर पोचलं की दवाखान्याची गाडी. पण पौर्णिमेची भरती अजून चढत होती. तिघं त्या विझलेल्या खांबापासून दहा पावलांवर होती तेव्हा त्यावरचा दिवा लागला. समिधाने दार लीलाधरच्या हाती दिलं, एकटी धावत वर गेली, कोरड्यात पाय टेकले आणि पुन्हा फोन लावला. या वेळी फोनवरच्या मुलीने ठिकाण विचारलं आणि "गाडी निघाली, मॅडम" म्हणाली. गाडी पंचवीस मिनिटांच्या अंतरावर होती. समिधा परत पाण्यात उतरली. चढावरच्या चिखलात तिघांचे पाय रुतत होते, आणि दार हातभर पुढे गेलं की पाणीही हातभर चढत होतं.

गाडीतली डॉक्टर वयाने लहान होती. ती नंतर समिधाला म्हणाली की, वाटेत तिने रेषापालाचं चित्र उघडून बघितलं, तर त्यात एक लाकडी दार एकटंच पाण्यावरून चढाकडे येत होतं. माणूस कोणीच नव्हता. तिला वाटलं, कोणीतरी चेष्टा केली. तरी ती आली आणि गाडीतून उतरून सरळ पाण्यात शिरली. रेषेच्या अलीकडे तीन पावलांवर तिने बाबांची नाडी बघितली. ती लागेना, तेव्हा पुढे न्यायला न थांबता तिथेच दोन्ही हातांनी छाती दाबू लागली. तिघांनी दार घोटाभर पाण्यात टेकवून घट्ट धरलं होतं आणि डॉक्टर गुडघ्यांवर बसून दाबत होती. बऱ्याच वेळाने ती थांबली. तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. भरती तेव्हाच फिरली आणि त्यांच्या पायांखालून पाणी मागे सरकू लागलं.

बाबांना टेकाडावरच्या स्मशानात नेलं. समिधा रडली, मोठ्याने रडली, आणि तिसऱ्या दिवशी कामावर आली, कारण घरी बसलं की पाण्याचा आवाज ऐकू यायचा.

मृत्यूची नोंद व्हायची होती. आता जन्ममृत्यूची नोंद हे दोघांच्या सामाईक यादीतलं काम. राज्याच्या निबंधकाने लिहिलं, मृत्यू रेषेखाली झाला, सबब केंद्राने नोंदवावा. केंद्राच्या निबंधकाने लिहिलं, त्याच मिनिटाला रेषा सरकली, सबब राज्याने नोंदवावा. दोघांनीही एकमेकांकडे कागद अभिप्रायासाठी पाठवला. कोणी उद्धट बोललं नाही, कोणी चूक केली नाही. घोंगडं भिजत पडलं.

आठव्या दिवशी इनामदार स्वतः आले. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले नाहीत.

"मॅडम, फार वाईट झालं. पण आता वरून विचारणा होईल. निरंक जागेत माणूस गेला कसा? तुम्ही असं लिहा की वडील मासे धरायला खाली गेले होते. म्हणजे तुमची नोकरी राहील, वाडीतल्या लोकांची घरं राहतील. निरंक ते निरंक."

"त्यांनी जन्मात मासा धरला नाही, साहेब," समिधा म्हणाली. "विकत घ्यायचे. काकूंकडून."

इनामदार गेल्यावर ती वाडीत उतरली. ओहोटी होती. सुगंधाकाकू जोत्यावर नुसत्याच बसल्या होत्या.

"काकू, मी नावा घालतंय. सगळ्यांची."

काकूंनी मागे वळून आपल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "घर जातला मगे?"

"जातला."

"मास्तर फोनात हाका मारी होते. मी बाजूकच होतंय." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "त्यांचा आयकूक तू तरी धावलंस. आमका कोण आसा? घाल नावा."

समिधाने त्याच दुपारी चौदावा रकाना उघडला आणि अकरा आकडा लिहिला. मग एकेक नाव. पहिलं नाव, भालचंद्र सखाराम मयेकर. खाली स्वतःची सही, आणि आधीची नोंद आपण जाणूनबुजून चुकीची दिली होती असं चार ओळींचं निवेदन. इनामदारांचा फोन लगेच आला.

"अकरा कसे? दहा ना?"

"मृत्यूची नोंद झालेली नाही, साहेब. दोन्ही सरकारांकडे विचारून बघा."

इनामदारांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भरती चढली आणि समिधा पडद्यासमोर बसली. एकेक निळा दिवा लागत गेला, आणि प्रथमच वाडी माणसांनी भरली. लीलाधर होडी सोडत होता. काकू वाळत घातलेले बांगडे उचलत होत्या. कोणाची तरी नात पायरीवर बसून पाण्यात पाय हलवत होती. प्रत्येकाभोवती यंत्राने हिरवी चौकट काढली होती, खाली नाव होतं. दहा चौकटी. अकरावी बाबांच्या पायरीवर होती. ती पिवळी होती आणि तिच्या आत कोणी नव्हतं. खाली अक्षरं येत-जात होती. 'एक व्यक्ती आढळत नाही. शोध सुरू आहे.'

थोड्या वेळाने खाडीच्या तोंडातून एक सपाट तळाची नौका आली. तिच्यात कोणी माणूस नव्हता. नोंदलेला माणूस भरतीत हरवला तर कितीही उथळ पाण्यात शोध घ्यायचा, असा केंद्राचा नियम होता आणि त्यासाठी वेगळ्या नौका होत्या. ती घरांमधून अलगद पुढे आली, बाबांच्या पायरीला टेकली आणि एका बाईच्या आवाजात म्हणाली, "भालचंद्र मयेकर, आवाज द्या." ओहोटी झाल्यावर ती निघून गेली. मग टेकाडावरून राज्य पोलिसांचं उडतं यंत्र उतरलं, त्याच पायरीवर घिरट्या घालू लागलं, आणि पुरुषी आवाजात तेच म्हणालं.

असं रोज होऊ लागलं. भरतीला केंद्र, ओहोटीला राज्य. चौथ्या दिवशी सुगंधाकाकू धापा टाकत टेकाड चढून आल्या.

"बंद कर गो ता. वाडीतल्या पोरांक झोप लागणा नाय. मेल्या माणसाक अशी हाक मारू नये."

"करतंय," समिधा म्हणाली.

एका बोटाचं काम होतं. चौकटीवर बोट ठेवायचं, 'शोध थांबवा' म्हणायचं. वाडी रिकामी करायला तीन महिने होते आणि तिच्या निलंबनाचा कागद तालुक्यावरून निघाला होता, उद्या-परवा हा पडदा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाणार होता. काकू गेल्या. समिधा बोट उचलून बसून राहिली. पाणी पायरीला लागलं. नौका आली, पायरीला टेकली आणि तिने विचारलं, "भालचंद्र मयेकर, आवाज द्या." मग नियमाप्रमाणे ती एक मिनिट गप्प राहून ऐकत राहिली. समिधाने पडद्याचा आवाज वाढवला आणि तीही ऐकत राहिली.